घरच्या भिंतीवरचे फोटो: फोनपासून फ्रेमपर्यंत

विचारणा थोडक्यात अशी आहे. आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं पूर्ण होत आहेत आणि रत्नागिरीच्या घरी हॉलच्या एका भिंतीवर कुटुंबाचे फोटो लावायचे आहेत. फोनमध्ये हजारो फोटो पडलेत, त्यातले निम्मे व्हॉट्सॲपवर आलेले. मागे एकदा १२ बाय १८ इंचाचा एक प्रिंट काढला होता, तो धूसर आणि काळपट आला. तेव्हा फोटो निवडायचे कसे, छापायचे कुठे, आणि बाकीचे जपून ठेवायचे कसे?

सांगलीत माझा स्टुडिओ आहे आणि प्रिंटिंगचं कामही मी करतो. असे प्रश्न काउंटरवर रोज येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सगळ्यात आधी एकच गोष्ट मनात पक्की करा: मूळ फाइल हाती असेल तर बाकी सगळं जमवता येतं. ती नसेल तर लॅब कितीही चांगली असो, कागद कितीही महाग असो, उपयोग नाही.

तुमचा तो १२ बाय १८ का बिघडला, हे न बघताही सांगता येतं. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने फोटो पाठवला की तो दाबला जातो, आणि त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या (फोटो ज्या बारीक ठिपक्यांनी बनतो त्यांच्या) आसपास उरते. त्याला १८ इंचांनी भागा, इंचाला ८९ पिक्सेल मिळतात. हातात धरून पाहायच्या प्रिंटला इंचाला ३०० असावेत, भिंतीवर लावून चार-पाच फुटांवरून पाहायच्या प्रिंटला २०० उत्तम आणि १५० चालतात. शंभराच्या खाली गेलं की आमच्या भाषेत फोटो फाटतो. डोळ्यांच्या पापण्या, साडीचे काठ, केसांच्या बटा, सगळं पुसट होतं. तोच फोटो ज्या फोनने काढला त्यातली मूळ फाइल बहुधा ४००० बाय ३००० पिक्सेलची असणार. तिला १८ इंचांनी भागा, २२२ येतात. म्हणजे फोटो चांगलाच होता, लॅबला दिली ती फाइल चुकीची होती.

फोटो मूळ आहे की व्हॉट्सॲपचा, हे ओळखायला अँड्रॉइड फोनवर फाइलचं नाव पाहा. त्यात तारखेनंतर डब्ल्यूए आणि पुढे चार आकडे असतील तर तो व्हॉट्सॲपवरून आलेला आहे. शिवाय नावातली ती तारीख फोटो तुमच्याकडे आला त्या दिवसाची असते, काढला त्या दिवसाची नव्हे. खरी तारीख आणि ठिकाण फाइलच्या आत नोंदलेलं असतं आणि व्हॉट्सॲप ते काढून टाकतं. म्हणूनच चार वर्षांपूर्वीच्या मुंजीचे फोटो कुणीतरी परवा पाठवले की ते गॅलरीत परवाच्या तारखेला जाऊन बसतात. गॅलरीत फोटो उघडून वर सरकवलंत किंवा माहितीच्या खुणेवर बोट ठेवलंत की पिक्सेल आणि एमबी दिसतात. दोन-चार एमबीच्या पुढचा फोटो असेल तर निर्धास्त राहा. दीड-दोनशे केबीचा असेल तर ४ बाय ६ च्या पुढे जाऊ नका.

तर पहिलं काम निवड नव्हे, गोळा करणं. ज्या ज्या नातेवाइकाने तो फोटो काढला होता त्याला फोन करा आणि मूळ फाइल मागा. व्हॉट्सॲपवरूनच पाठवायचा असेल तर ‘फोटो’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, मग तो जसाच्या तसा येतो. २०२३ पासून एचडीचा पर्याय आलाय, तो साध्यापेक्षा बरा, पण तोही दाबलेलाच. गूगल फोटोजवर एक सामायिक अल्बम करून सगळ्यांना लिंक पाठवली तर काम आणखी सोपं होतं, फक्त समोरच्याने बॅकअप ‘मूळ दर्जा’त ठेवलेला असावा. आत्या-मामांना हे तांत्रिक वाटत असेल तर पुढच्या भेटीत त्यांचा फोन केबलने लॅपटॉपला लावा. आयफोनचे फोटो एचईआयसी प्रकारात असतात आणि गावाकडच्या काही लॅबमध्ये ते उघडत नाहीत, तेवढे जेपीईजी करून घ्या. लग्न-मुंजीचे फोटो व्यावसायिक फोटोग्राफरने काढले असतील तर त्यालाही आजच फोन करा. तो काही तुमच्या फाइली जन्मभर ठेवत नाही. बहुतेक जण अल्बम ताब्यात दिल्यावर काही काळाने डिस्क मोकळी करतात.

आता आई-बाबांचं लग्न. ते साधारण १९८५ च्या सुमाराचं, म्हणजे रंगीत प्रिंट आणि बहुधा तो चिकट पानांवर पारदर्शक प्लॅस्टिक बसवलेला अल्बम. ते फोटो आता तांबूस दिसत असतील. त्या काळच्या रंगीत कागदातला निळसर रंग अंधारात ठेवूनही आधी उडायचा, म्हणून लालसरपणा उरतो. आजी-आजोबांचे कृष्णधवल फोटो त्याहून जुने असूनही टिकलेत, कारण तिथे प्रतिमा चांदीच्या कणांची असते, रंगद्रव्याची नाही. तांबूस फोटो बऱ्याच अंशी सुधारता येतो, पण आधी तो नीट स्कॅन व्हायला हवा. ४ बाय ६ चा प्रिंट ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात आणि त्यातून ८ बाय १२ आरामात निघतो. फोनने त्याचा फोटो काढून काम भागवू नका. वरच्या दिव्याची चमक येते आणि कडा तिरक्या होतात. अगदीच स्कॅनर मिळत नसेल तर फोटो अल्बममधून बाहेर काढून खिडकीच्या कडेच्या उजेडात टेबलावर सपाट ठेवा आणि बरोबर वरून काढा.

चिकट पानावरून फोटो सुटत नसेल तर ओढू नका. दात साफ करायचा बारीक दोरा फोटो आणि पान यांच्यामध्ये घालून, करवतीसारखा हळूहळू मागे-पुढे करत एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे न्या. हेअर ड्रायरने गरम करायचा सल्ला अनेक जण देतात, मी देणार नाही, कारण जुन्या कागदावरचा थर मऊ पडतो. आणि फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर त्याला मुळीच हात लावू नका. काचेसकट स्कॅनरवर ठेवा. काचेतूनही चांगला स्कॅन होतो. ओढलात तर चेहरा काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो, असे फोटो माझ्याकडे दर पावसाळ्यानंतर येतात. निगेटिव्ह घरात कुठे डब्यात असतील तर शोधाच. निगेटिव्हवरून काढलेला स्कॅन प्रिंटवरून काढलेल्यापेक्षा बहुतेक वेळा सरस ठरतो.

भिंतीवर जुन्यांबरोबर आताचा एक तरी चांगला फोटो हवा, आणि तो मुद्दाम काढावा लागेल. त्यासाठी कॅमेरा विकत घेऊ नका. फोन पुरतो, उजेड ओळखता यायला हवा. कोकणातल्या घराला पडवी असते, तिच्यासारखी फोटोची जागा नाही. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर आई-बाबांना पडवीत, सावलीच्या कडेला, अंगणाकडे तोंड करून बसवा. डोक्यावर छप्पर असल्यामुळे डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडत नाहीत, आणि समोरच्या मोकळ्या अंगणातून मऊ उजेड चेहऱ्यावर येतो. घरातच काढायचा असेल तर खिडकीशेजारी बसवा आणि आतले दिवे बंद करा. खिडकीचा उजेड निळसर आणि एलईडीचा पिवळा, दोन्ही एकत्र आले की एक गाल एका रंगाचा आणि दुसरा दुसऱ्या रंगाचा होतो, आणि हे मागाहून धड दुरुस्त होत नाही.

फोनची मागची काच सुती कापडाने पुसा. दिवसभर हाताळून तिच्यावर तेलकट थर बसतो, त्याने सगळा फोटो धुरकट येतो. माझ्याकडे ‘कॅमेरा खराब झालाय’ म्हणून आणलेल्या कितीतरी फोनचा आजार एवढाच असतो. ब्युटी मोड बंद करा. बाबांच्या कपाळावरच्या रेषा आणि आईच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या हाच तो फोटो आहे. तीन फुटांवरून काढू नका, नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. सात-आठ फूट मागे सरका आणि फोनवर २एक्सचं बटण दाबा. चष्मा असेल तर हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा, काचेवरची चमक जाते. फोन त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा, ते बसले असतील तर तुम्हीही बसा.

आणि ‘हसा’ म्हणू नका. आमच्या आधीच्या पिढीला कॅमेरा दिसला की ताठ व्हायची सवय आहे, कारण त्यांच्या लहानपणी फोटो म्हणजे वर्षातून एखादा, तोही स्टुडिओत श्वास रोखून. आईला विळीवर नारळ खोवू द्या, बाबांना आंब्याची पेटी भरू द्या, आणि गप्पा मारत काढत राहा. एकाच प्रसंगाचे भरपूर काढा आणि त्याच संध्याकाळी बसून दोन-तीन ठेवून बाकीचे उडवा. दोघांचा एकत्र झाला की प्रत्येकाचा स्वतंत्र, छातीपर्यंतचा, साध्या पार्श्वभूमीचा फोटोही काढून घ्या.

हे शेवटचं मी आग्रहाने का सांगतो ते लिहितोच. माझ्या धंद्यातलं सर्वांत जड काम म्हणजे दहाव्या-तेराव्यासाठी फोटो मोठा करून देणं. मुलगा किंवा जावई येतो, फोन पुढे करतो. त्यात कुठल्या तरी लग्नातला पंचवीस जणांचा ग्रुप फोटो असतो, तोही फॉरवर्ड होत आलेला, आणि तिसऱ्या ओळीत उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवून तो म्हणतो, ‘एवढाच आहे.’ १६०० पिक्सेलच्या रुंदीत बारा-तेरा माणसं ओळीने उभी असतील तर एकेका चेहऱ्याच्या वाट्याला पन्नास-साठ पिक्सेल येतात. त्यातून १२ बाय १५ इंचाचा चेहरा काढायचा असतो, उद्या सकाळपर्यंत. हल्ली त्यावर एआयने चेहरा ‘स्पष्ट’ करून मिळतो. पाहायला तो स्वच्छ असतो, पण जी माहिती फाइलमध्ये नव्हतीच ती यंत्र अंदाजाने भरतं. दात दुसऱ्याचे, पापण्या दुसऱ्याच्या, नजर कुणाचीच नाही. घरच्या माणसाला ते लगेच कळतं. ‘हे आमचे अण्णा नाहीत’ असं म्हणून काउंटरवरच रडणारी मुलगी मी पाहिली आहे. अशा वेळी मी तरी फोटो लहान ठेवतो, ५ बाय ७, भोवती रुंद माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट. पुसट असला तरी तो त्यांचा चेहरा असतो. घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाचा एक नीट काढलेला फोटो आज, ते हसत-बोलत असताना, मूळ फाइलसह तुमच्याकडे असायला हवा. यात अशुभ काही नाही. ते स्वतःच तो पाहून खूश होतात.

आता प्रिंट. काळपट येण्याचं कारण असं की फोनचा पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद फेकत नाही. पूर्ण ब्राइटनेसवर जो फोटो छान दिसतो तो कागदावर दबलेला येतो. ब्राइटनेस निम्म्यावर आणा, मग फोटो पाहा. अंधारा वाटला तर एडिटमध्ये जाऊन सावल्यांचा भाग थोडा उजळा. पूर्ण फोटो उजळलात तर पांढरे कपडे आणि आकाश उडून जातं. मोठ्या प्रिंटची ऑर्डर देण्याआधी तोच फोटो त्याच लॅबमधून ४ बाय ६ मध्ये काढून घ्या. खर्च अगदी किरकोळ असतो. तो प्रिंट घरी नेऊन ज्या भिंतीवर लावायचा तिथे, तिथल्याच दिव्यात, संध्याकाळी पाहा. पसंत पडला तरच मोठा काढा.

लॅबवाल्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, ‘चेहरे गोरे करू नका.’ अनेक ठिकाणी न विचारता त्वचा उजळ आणि गुलाबी केली जाते, आणि सावळी माणसं राखाडी दिसू लागतात. दुसरी, ‘कापण्याआधी दाखवा.’ फोनचा फोटो चारास तीन या प्रमाणात असतो, आणि ४ बाय ६, ८ बाय १२, १२ बाय १८ हे तिन्ही आकार तिनास दोन या प्रमाणातले. आडवा फोटो त्यात बसवला की उंचीचा जवळजवळ नववा भाग कापला जातो. ग्रुप फोटोत नेमकं मागच्या ओळीतल्या उंच काकांचं डोकं किंवा पुढे मांडी घालून बसलेल्या पोरांचे पाय जातात. ६ बाय ८, ९ बाय १२ आणि १२ बाय १६ हे आकार फोनच्या फोटोला तंतोतंत बसतात. ५ बाय ७ मध्येही फारसं जात नाही. तुमच्या मोठ्या फोटोसाठी १२ बाय १८ सोडा, १२ बाय १६ घ्या. आणि पुढे फोटो काढताना भोवती थोडी मोकळी जागा सोडायची सवय लावा.

कुठे छापायचं? रासायनिक कागदावर काढणाऱ्या रंगीत लॅबमध्येच, जिथे फ्युजीफिल्मसारख्या कंपनीचा फोटो पेपर प्रकाशाने उमटवून रसायनात धुतला जातो. लग्नाचे फोटो छापणारी जिल्ह्याच्या ठिकाणची लॅब बहुधा हीच असते, ‘सिल्व्हर हॅलाइड आहे का’ एवढं विचारा. झेरॉक्सच्या दुकानातला चकचकीत कागदावरचा लेझर प्रिंट म्हणजे फोटो नव्हे, तो मुलांच्या प्रकल्पासाठी ठीक. घरी शाईच्या टाक्यांचा सहा रंगी प्रिंटर असेल आणि कंपनीची शाई व फोटो पेपर वापरत असाल तर सुंदर प्रिंट येतात, पण प्रिंटर पडून राहिला की नोझल, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रं, सुकतात. वर्षातून दोनदा छापणाऱ्याने तो घेऊच नये. कागद मॅट किंवा सिल्की घ्या. ग्लॉसीवर समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब पडतं, आणि दमट हवेत काचेला चिकटण्यात तोच सगळ्यात पुढे असतो.

रत्नागिरी म्हटल्यावर ओलाव्याचा विचार आधी करायला हवा. फोटो काचेला थेट टेकवून फ्रेम केला तर दोन-तीन पावसाळ्यांत आतली वाफ धरते, कागदावरचा थर मऊ होऊन काचेला चिकटतो आणि मग बुरशीचे ठिपके येतात. यावर उपाय माउंट. फोटोच्या भोवती जाड पुठ्ठ्याची चौकट, दीड-दोन इंच रुंद. त्याने काच आणि फोटो यांत फट राहते. माउंटमुळे फोटो देखणा दिसतो हा वरचा फायदा. फ्रेमवाल्याला आम्लरहित पुठ्ठा मागा. साधा पुठ्ठा काही वर्षांनी पिवळा पडून फोटोच्या कडेलाही पिवळेपणा देतो. फोटो मागून गोंदाने किंवा फेव्हिकॉलने डकवू देऊ नका, फक्त वरच्या कडेला कागदी पट्टीने टांगलेला असावा, म्हणजे हवा दमट होऊन कागद फुगला तरी त्याला सरळ खाली पसरायला वाव मिळतो. गोंदाने डकवलेला फोटो लाटांसारखा वर येतो.

फोटो एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या) फळीवर चिकटवून वरून लॅमिनेशन करायची पद्धत सध्या जोरात आहे. स्वस्त पडते, काच नसते, म्हणून लोक घेतात. कोकणात मी ती सुचवणार नाही. एमडीएफ कडेने ओल शोषून फुगतो, लॅमिनेशन कोपऱ्यातून सुटतं, आणि एकदा डकवलेला फोटो परत काढता येत नाही. सोलापूर-लातूरच्या कोरड्या हवेत चालून जातं. तुमच्यासाठी सागवानी किंवा फायबरची पट्टी, पुढे साधी काच किंवा ॲक्रिलिक, मागच्या फटी कागदी टेपने बंद. मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, त्याने फ्रेम भिंतीपासून थोडी सुटी राहते आणि मागून हवा खेळते. फ्रेम भिंतीला चपटी टेकली की मागे कसर आणि वाळवी दोघींना आयतं घर मिळतं.

भिंत निवडताना नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस ज्या बाहेरच्या भिंतीवर आपटतो ती टाळा, म्हणजे बहुधा पश्चिमेची आणि दक्षिणेची. घराची आतली, दोन खोल्यांमधली भिंत उत्तम. थेट ऊन येत असेल तर तिथे नको, दुपारचं ऊन काही वर्षांत रंग उडवतं. देवघराच्या अगदी शेजारीही नको. उदबत्ती-समईचा धूर काचेवर आणि मिळेल त्या फटीतून आत बसतो. भिंतीवर आजी-आजोबांचे हार घातलेले फोटो असतील तर ओला हार थेट फ्रेमच्या वरच्या कडेवर ठेवू नका. पाणी कडेने आत उतरतं आणि फोटोच्या वरच्या भागात तपकिरी डाग धरतो. हारासाठी फ्रेमच्या वर इंचभर पुढे आलेला वेगळा खिळा मारा.

मांडणीबद्दल फार नियम सांगत नाही. मधोमध एक मोठा, १२ बाय १६ चा, आणि भोवती ६ बाय ८ व ५ बाय ७ चे सहा-सात एवढं पुरे. पट्टी सगळ्यांना एकाच रंगाची असू द्या, मग जुने कृष्णधवल आणि नवे रंगीत एकत्र शोभतात. खिळे मारण्याआधी फ्रेमच्या मापाचे वर्तमानपत्राचे तुकडे कापून भिंतीला चिकटवा आणि एक दिवस तसेच राहू द्या. मांडणीचा मध्य जमिनीपासून पावणेपाच-पाच फुटांवर यावा. आपल्याकडे फोटो फारच उंच, दाराच्या चौकटीच्या वर लावायची सवय आहे, तिथे तो कुणी बघत नाही. एक फ्रेम अशी ठेवा की तिच्यातला फोटो मागून सहज बदलता येईल. नातवंडांचा नवा फोटो आला की आई स्वतः बदलेल. डिजिटल फ्रेम घ्यायची का, असाही प्रश्न मनात असेल. घ्या, पण या भिंतीच्या जोडीला. तिच्यावर दर काही सेकंदांनी चित्र बदलतं आणि माणूस कुठल्याच फोटोपाशी थांबत नाही.

राहिला जतनाचा प्रश्न, आणि तो भिंतीपेक्षा मोठा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी घराघरांत शिरलं, २०२१ च्या जुलैत तुमच्याच जिल्ह्यात चिपळूण बुडालं. पाणी ओसरल्यावर लोक माझ्याकडे अल्बम घेऊन आले, आणि त्यांच्यासोबत हार्ड डिस्कही, कारण दोन्ही एकाच कपाटात होत्या. म्हणून तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक प्रत वेगळ्या गावात. तुमच्या बाबतीत सोपं आहे: एक तुमच्या लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर रत्नागिरीला आई-बाबांकडे, एक क्लाउडवर, म्हणजे गूगल फोटोजसारख्या इंटरनेटवरच्या साठ्यात. १ टीबीच्या डिस्कमध्ये साधारण घराचे सगळे फोटो मावतात. पेनड्राइव्ह ही फोटो नेण्या-आणण्याची वस्तू आहे, ठेवण्याची नाही. दिवाळीच्या साफसफाईत डिस्क काढायची, लॅपटॉपला जोडायची, पाच-दहा फोटो उघडून पाहायचे, वर्षभराचे नवे घालायचे. पाच वर्षं झाली की नवी डिस्क घेऊन सगळं तिच्यावर उतरवायचं. २००० ते २०१० या काळातल्या कार्यक्रमांच्या सीडी-डीव्हीडी कपाटात असतील तर त्या याच महिन्यात उतरवून घ्या. बऱ्याच आत्ताच वाचता येत नाहीत.

क्लाउडच्या बाबतीत तीन गैरसमज रोज भेटतात. पहिला, गूगल फोटोज अमर्याद फुकट आहे. ते १ जून २०२१ ला बंद झालं, आता जीमेल आणि ड्राइव्ह धरून १५ जीबी मिळतात आणि त्यापुढे पैसे भरावे लागतात. माझं मत विचाराल तर पैसे भरा, वर्षाला एखाद्या हॉटेलातल्या जेवणाएवढे होतात. दुसरा, ‘स्टोरेज सेव्हर’ आणि ‘मूळ दर्जा’ यांत फरक नाही. आहे. पहिल्यात फोटो दाबले जातात आणि १६ मेगापिक्सेलच्या वरचे लहान केले जातात. तिसरा सगळ्यात महाग पडतो: क्लाउडवर गेलं म्हणजे सुरक्षित, आता फोनमधून उडवायला हरकत नाही. बॅकअप चालू असताना गूगल फोटोज ॲपमधून फोटो डिलीट केला तर तो क्लाउडवरूनही जातो, ६० दिवस कचरापेटीत राहतो आणि मग कायमचा पुसला जातो. फोन मोकळा करायला त्यातच ‘जागा मोकळी करा’ हा वेगळा पर्याय आहे, तो वापरा. शिवाय दोन वर्षं वापरलं नाही तर गूगलचं खातं बंद होऊन त्यातलं सगळं पुसलं जाऊ शकतं. बाबांच्या नावाने उघडून दिलेलं आणि कुणी न उघडणारं खातं असेल तर हे लक्षात ठेवा. पासवर्ड घरातल्या आणखी एकाला माहीत असू द्या.

हजारो फोटोंना शिस्त लावायची म्हणून सगळे एका बैठकीत उपसायला जाऊ नका, कंटाळून सोडाल. आधी व्हॉट्सॲपचं आपोआप डाउनलोड बंद करा, म्हणजे सुप्रभात आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांची भर थांबेल. मग वर्षाचं एक फोल्डर आणि आत प्रसंगाची फोल्डरं. नाव तारखेपासून सुरू करा, वर्ष आधी: ‘२०२४-०४-०९ गुढीपाडवा रत्नागिरी’. असं केलं की कुठल्याही संगणकावर ती आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. प्रत्येक वर्षातले पंचवीस-तीस वेचून ४ बाय ६ मध्ये छापा आणि खिशांच्या अल्बममध्ये ठेवा. अल्बम घेताना पीव्हीसीचे खिसे नकोत, त्यांना नवा असताना रेक्झिनसारखा उग्र वास येतो. पॉलीप्रॉपिलीनचे घ्या. हे छापलेले प्रिंट म्हणजे बॅकअपच आहेत, वीज नसली आणि पासवर्ड हरवला तरी दिसणारे.

जुन्या फोटोंत कोण कोण आहे हे आई-बाबांना विचारून लिहून ठेवा, तेही याच निमित्ताने. स्कॅन फोनवर मोठा करून दाखवा आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून घ्या, कारण नावाबरोबर ‘हिच्याच लग्नात पाऊस आला होता’ हेही येतं. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाबाचा वण पुढे उमटतो. आजच्या फोटो पेपरची पाठ प्लॅस्टिकच्या थराची असते आणि पेन्सिल तिच्यावर उठत नाही. त्यामुळे फ्रेमच्या मागच्या कागदावर किंवा अल्बमच्या पानावर नावं आणि साल लिहा.

आणि कधी अल्बम भिजलाच तर तो उन्हात ठेवू नका, वाळताना पानं एकमेकांना कायमची चिकटतात. ओला असतानाच फोटो हळूच सुटे करा, स्वच्छ गार पाण्यात चिखल धुवा, पुढच्या बाजूला बोट न लावता, आणि सावलीत सुती कापडावर तोंड वर करून पसरा. एका दिवसात होण्याजोगे नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, मग सवडीने थोडे थोडे काढता येतात. हे लॅबमधल्या रासायनिक प्रिंटना लागू आहे. घरच्या प्रिंटरवर छापलेले धुवायला गेलात तर शाई वाहून जाईल, ते तसेच पसरून वाळवा.

कार्यक्रमाला किती दिवस आहेत ते तुम्ही कळवलेलं नाही, म्हणून उलटा हिशोब देतो. फ्रेमवाल्याला दहा दिवस द्या, त्याआधी नमुन्याचे आणि मग मोठे प्रिंट यांना एक आठवडा, स्कॅन आणि दुरुस्तीला आणखी एक. नातेवाइकांकडून मूळ फाइली यायला यापेक्षा जास्त वेळ लागतो, तेव्हा ते फोन आजच सुरू करा. समारंभ पावसाळ्यात असेल तर फ्रेमवाल्याला काच बसवण्याआधी फोटो आणि माउंट एक दिवस कोरड्या खोलीत, पंख्याखाली ठेवायला सांगा, नाहीतर ओल आतच बंद होते.